पीसीओडी, योगाचा वर्ग आणि आरशावरची चादर

चिंचवडहून एका मुलीनं विचारलंय. वय २७, नोकरी करते, घरात लग्नाचं बघताहेत. पीसीओडी, म्हणजे बीजकोषाचं (ओव्हरीचं) आणि हार्मोनचं दुखणं, एकोणिसाव्या वर्षीच निघाला. तिचं म्हणणं थोडं आखडून देते: ‘ताई, योगानं पीसीओडी जातो असं ऐकून सहा महिन्यांपूर्वी वर्ग लावला. पाळी साठ दिवसांवरून ३८-४० वर आली, झोपही बरी लागते. पण वजन दीड किलोच उतरलं. हनुवटीवरचे केस आहेत तसेच. सर म्हणतात, तू मन लावून करत नाहीस. आणि खरं सांगू का, वर्ग लावल्यापासून मला माझ्या शरीराची जास्तच किळस यायला लागलीये. योगानं उलट व्हायला हवं ना? माझं काय चुकतंय?’

ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते. नाशिकला २३ वर्षं वर्ग घेतेय, आणि गेली बरीच वर्षं सकाळच्या बॅचला पीसीओडीवाल्या मुली नाहीत असा एक महिना गेलेला नाही. तुझा प्रश्न मी आधीही ऐकलाय, फक्त इतक्या उघड शब्दांत नाही. बहुतेक जणी किळस हा शब्द उच्चारतच नाहीत. ‘कंटाळा आलाय’ म्हणतात आणि वर्ग सोडतात.

आधी तुझंच पत्र तुला दाखवते. पाळी साठ दिवसांवरून चाळीसवर आली आणि झोप लागायला लागली, या दोन गोष्टी तू एका ओळीत उरकल्यास. वजन आणि केसांवर मात्र दीड पान लिहिलंस. म्हणजे सहा महिन्यांत शरीरानं जे काम केलं त्याला एक ओळ, आणि जे झालं नाही त्याला दीड पान. चूक तुझी नाही गं. तुला मोजायलाच तसं शिकवलं गेलंय, आणि त्यात आम्ही योगशिक्षकही आलो.

आंध्रातल्या अनंतपूरला एका निवासी कॉलेजातल्या मुलींवर एक अभ्यास झाला होता. बंगळुरूच्या योग विद्यापीठातल्या मंडळींनी केलेला. पंधरा ते अठरा वयाच्या ९० मुली, सगळ्यांना पीसीओएस, म्हणजे आपला पीसीओडीच. अर्ध्यांना योग, अर्ध्यांना नेहमीचा व्यायाम, रोज एक तास, बारा आठवडे. निकाल २०१२-१३ च्या सुमारास छापून आले. योगवाल्या मुलींचं इन्शुलिनचं गणित व्यायामवाल्यांपेक्षा जास्त सुधारलं, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन जास्त उतरलं, पाळीतही फरक पडला. आणि वजन? वजनात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. हा अभ्यास वर्गांच्या जाहिरातींत सर्रास वापरतात, पण हे शेवटचं वाक्य गाळून. मला तर तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. काट्यावर काही दिसलं नाही, तरी आत गाडं हललेलं होतं. तुझंही तेच झालंय. अर्थात त्या वसतिगृहातल्या कोवळ्या मुली, ठरल्या वेळेला जेवण आणि ठरल्या वेळेला झोप. तू हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून साडेआठला घरी पोचणारी. तुझ्या वाट्याला तेवढाच फरक येईल असं मी म्हणणार नाही.

आता हे वजन आणि हे केस येतात कुठून, ते एकदा नीट ऐक. ‘आळशी आहेस’, ‘तोंडावर ताबा नाही’ हे जे तू वर्षानुवर्षं ऐकतेस, त्याचं उत्तर त्यात आहे. पीसीओएस असलेल्या बहुतेक बायकांचं शरीर इन्शुलिनला लवकर दाद देत नाही. मग स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडतं. ते जास्तीचं इन्शुलिन बीजकोषाला जाऊन चिथावतं आणि बीजकोष टेस्टोस्टेरॉन जास्त बनवतो. त्याच वेळी यकृतात बनणारं एक प्रथिन, जे एरवी टेस्टोस्टेरॉनला रक्तात धरून ठेवतं, ते कमी पडतं. मोकाट सुटलेलं टेस्टोस्टेरॉन मग हनुवटीवर केस आणतं, डोक्यावरचे विरळ करतं, तोंडावर पुटकुळ्या उठवतं, बीज पिकू देत नाही. सगळी एकच साखळी आहे. मानेच्या मागे जो काळसर, मखमलीसारखा पट्टा येतो ना, तोही त्याच साखळीतला. मुली तो मळ समजून बेसन, लिंबू, घासणी लावून सालं निघेपर्यंत घासतात. तो मळ नाही. वाढलेल्या इन्शुलिननं तिथली कातडी जाड झालेली असते, आणि घासून ती आणखी चिडते.

आणि ‘गाठी’ म्हणशील, तर त्या गाठीही नाहीत. सोनोग्राफीत माळेसारखे दिसतात ते अर्धवट वाढून थांबलेले बीजपुटक, म्हणजे बीज ज्यात वाढतं त्या बारीक पिशव्या. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं तेव्हा त्यांना सुजलेले बीजकोष दिसले, आणि नाव त्यावरून पडलं ते पडलंच. आपल्याकडे सगळे पीसीओडी म्हणतात, डॉक्टर कागदावर पीसीओएस लिहितात. तू काहीही म्हण. पण ‘माझ्या पोटात गाठी आहेत’ असं म्हणत जाऊ नकोस, कारण त्या वाक्यानं पोटाकडे बघायची नजर बिघडते. एका मुलीनं मला सांगितलं होतं, ‘मला भुजंगासनात पोट टेकवायची भीती वाटते, गाठ फुटली तर?’ दोन वर्षं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तर आता किळस. डॉक्टर तिला बॉडी इमेजचा प्रश्न म्हणतील. गंमत बघ, त्याच १९३५ साली पॉल शिल्डर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं हा विचार मांडला होता, की आपण मनात आपल्या शरीराचं एक चित्र घेऊन वावरतो आणि ते चित्र आरशातून तेवढं घडत नाही, जेवढं इतरांच्या वागण्याबोलण्यातून घडतं. आपल्याकडे हे समजून घ्यायला मानसशास्त्र लागत नाही. गौरी-गणपतीला कोण्या मावशीच्या घरी जा. चप्पल काढायच्या आत ‘अगं, केवढी सुटलीस!’ झालेलं असतं. त्यात त्यांचं वाईट मन नसतं, ती त्यांची चौकशीची पद्धत आहे. पण तू दारात उभी असताना एक क्षण स्वतःला मावशीच्या डोळ्यांनी बघतेस. मग स्थळासाठी ‘फुल फोटो पाठवा’. मग मुलाची आई फोटो बघून ‘थोराड वाटते’ म्हणते. मग ऑफिसात कोणी हनुवटीकडे बघितलं, की नुसतं तोंडाकडे बघितलं याचा हिशोब. असं करत करत बाईला स्वतःला बाहेरून बघायची सवय लागते. चालताना आपण मागून कशा दिसतो, बसल्यावर पोटाला किती वळ्या पडतात, दिवे कुठल्या बाजूला आहेत. आतून शरीर काय म्हणतंय, भूक आहे की तहान, मान आखडलीये का, ते ऐकायला कोणी घरात उरतच नाही.

योगाची खरी मदत इथे आहे, आणि माझ्या मते इथेच आहे. अमेरिकेत २००५ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात योग करणाऱ्या, एरोबिक्स करणाऱ्या आणि काहीच न करणाऱ्या बायकांची तुलना केली होती. योगवाल्या बायकांना शरीराची आतली जाणीव जास्त होती, आणि स्वतःला वस्तूसारखं बाहेरून बघण्याचं प्रमाण कमी. आता यावर कोणी म्हणेल, आधीच स्वस्थ असणाऱ्या बायका योगाकडे वळल्या असतील. बरोबर आहे, तसंही असू शकतं. पण चटईवर मी जे बघत आले ते याला धरून आहे. पायाच्या अंगठ्यापासून गुडघ्याच्या मागपर्यंत ताण कसा चढतो हे बाई मन लावून बघायला लागली, की तेवढी दोन मिनिटं ती मावशीच्या डोळ्यांनी बघत नसते.

मग तुझं उलट का झालं? कारण वर्ग तुला दोन मिनिटं आत नेतो आणि उरलेली अठ्ठावन्न मिनिटं बाहेर उभी करतो. तुझ्या पत्रातच सगळं आहे: समोर भिंतभर आरसा, दर सोमवारी वजनकाटा, व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘आधी-नंतर’चे फोटो, आणि सरांचं ‘पोट आत, पोट आत’. अशा जागी मीसुद्धा रडवेली झाले असते.

हे मी दुसऱ्यांना नावं ठेवायला लिहीत नाहीये. माझ्या वर्गात पहिली सात-आठ वर्षं भिंतीवर तक्ता होता. नाव, वजन, कंबर, नितंब, दर महिन्याला, स्केच पेननं. मला वाटायचं याने उमेद येते. एक एकवीस वर्षांची मुलगी तीन महिने यायची. सूर्यनमस्कार सुरेख घालायची, दम कधी लागायचा नाही. तिसऱ्या महिन्याला तिचा आकडा वर गेला. मी हसत हसत म्हटलं, ‘दिवाळी अंगाला लागली वाटतं!’ सगळ्या हसल्या, तीही हसली. दुसऱ्या दिवसापासून आली नाही. चार वर्षांनी बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, ‘मॅडम, त्या दिवशी मी उपाशी आले होते. वजन भरेल म्हणून आदल्या दुपारपासून काही खाल्लं नव्हतं.’ घरी येऊन मी तक्ता फाडला. काटा माळ्यावर टाकला. आता पीसीओएससाठी जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०१८ ची आणि मग २०२३ ची सुधारलेली, त्यांतही स्पष्ट म्हटलंय की वजन करायच्या आधी बाईला कारण सांगा, तिची परवानगी घ्या. डॉक्टरांना हे सांगितलंय. योगशिक्षकांना तर वजन करायचा अधिकारच कोणी दिला?

आरशाचं म्हणशील, तर माझा हॉल आधी नृत्याच्या क्लासचा होता, दोन भिंतींना आरसे. काढायला मालक तयार नव्हता. मग दोन सोलापुरी चादरी आणल्या, पडद्याच्या दांडीवर टाकल्या, अजून त्याच आहेत. पहिल्या आठवड्यात काही जणी कुरकुरल्या, आसन बरोबर आहे का कसं कळणार म्हणून. कळतं. तळपायाला कळतं, कमरेला कळतं. नाही कळलं तर मी आहे.

सरांनी तुला ‘वपुः कृशत्वं वदने प्रसन्नता’ ऐकवलं असंही तू लिहिलंयस, म्हणजे शरीर बारीक होणं ही योग साधल्याची खूणच आहे. श्लोक खरा आहे, हठयोगप्रदीपिकेतला आहे. पण तो पंधराव्या शतकाच्या आसपास मठीत राहणाऱ्या, मिताहारी, ब्रह्मचारी साधकांसाठी लिहिलाय. ज्यांना पाळी येत नाही आणि ज्यांची स्थळं बघितली जात नाहीत. शास्त्रात देहाबद्दल सगळीकडे गोडच बोललंय असंही मी सांगणार नाही. पतंजलींनी तर शौचातून, म्हणजे शुद्धी पाळण्यातून, स्वतःच्या अंगाची जुगुप्सा, म्हणजे किळसच, येते असं सूत्रच दिलंय. पण ती वैराग्याच्या वाटेवरची गोष्ट. बाईला ‘तुझ्या मांड्या बघ’ म्हणून हिणवायला ते सूत्र नाही. आसनाबद्दल त्याच पतंजलींनी जे सांगितलं ते एवढंच की ते स्थिर आणि सुखाचं असावं. तुझ्या वर्गात तुला सुख कधी वाटलं, ते आठवून बघ.

आणखी एक सांगते, मग चटईवरच्या गोष्टींकडे वळते. एक बँकेत काम करणारी बाई, पस्तिशीची, दोन महिने एकाच कोपऱ्यात चटई टाकायची. मागे, पंख्याखाली, दमट भिंतीला लागून. मी दोनदा पुढे बोलावलं, आली नाही. शवासनात मी सगळ्यांच्या माना हलकेच सरळ करत फिरायची. मी जवळ गेले की ही तोंड भिंतीकडे वळवायची. एकदा तिच्या जागी कोणीतरी आधीच बसलं होतं म्हणून तिला खिडकीशी बसावं लागलं. सकाळचं कोवळं ऊन तिरपं आत येत होतं. तास संपेपर्यंत तिचा डावा हात हनुवटीवरून हलला नाही. ताडासनात एकच हात वर. तेव्हा मला कळलं की दोन महिने ही बाई योग करत नव्हती, उजेड चुकवत होती. मी तिला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीला साधा पांढरा पडदा लावला आणि शवासनात तोंडाशी वाकून माना सरळ करणं बंद केलं. तिसऱ्या का चौथ्या आठवड्याला तिचे दोन्ही हात वर गेले. बाकी काही नाही झालं. वजनही उतरलं नाही, पण पुढे पाच वर्षं आली.

केसांबद्दल तुला थोडं अपराधी वाटतंय असं दिसतं, ‘योग करूनही पार्लरला जावं लागतं’ असं लिहिलंयस. अगं, जा की. थ्रेडिंग कर, लेझर कर, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर घे. एकदा जाड झालेला केस मनःशांतीनं बारीक होत नाही. केसाचं चक्रच संथ असतं, हार्मोन सुधारले तरी हनुवटीवर फरक दिसायला सहा महिने सहज जातात, औषधानंसुद्धा. योग आणि पार्लर या काही सवती नाहीत.

आता चटईवर काय बदल करायचे ते. आसनांची पुस्तकं आणि फोटो बारीक, लांब अंगाच्या माणसांचे असतात, आणि आपण त्यांच्या आकृतीत स्वतःला कोंबायला बघतो. पश्चिमोत्तानासनात पोट मध्ये येतं म्हणून तुला लाज वाटते. पोट मध्ये येणारच, ते तिथेच असतं. पाय कमरेच्या रुंदीइतके फाकव, पोट आणि मांडीचं मांस हातांनी सरळ बाजूला सार, कोणी बघत नाही, आणि तळपायाला पट्टा किंवा जुनी ओढणी अडकवून वाक. डोकं गुडघ्याला लागलंच पाहिजे असा काही कायदा नाही. वज्रासनात पोटऱ्या आणि मांड्यांच्या मध्ये घडी घातलेली चादर ठेव, गुडघे बोलायचे थांबतात. सर्वांगासन तू सोडून दे, निदान आत्ता. छाती जड असली की ती गळ्यावर येते, श्वास कोंडतो, आणि मुलींना वाटतं आपल्यात स्टॅमिना नाही. त्याऐवजी भिंतीला पाय लावून विपरीत करणी, कमरेखाली लोड किंवा दोन उशा, दहा मिनिटं. आणि सूर्यनमस्कार घालायच्या आधी टी-शर्ट लेगिंग्जमध्ये आत खोच. हे ऐकून हसशील. पण पर्वतासनात दर वेळी टी-शर्ट छातीकडे घसरतो आणि दर वेळी एक हात सुटून तो खाली ओढतो. बारा नमस्कारांत चोवीस वेळा लक्ष पोटाच्या उघड्या कातडीवर. खोचून टाकलं की विषय संपला. माझ्या निम्म्या मुलींचा सूर्यनमस्कार एवढ्यानं सुधारलाय.

मला स्वतःला पीसीओडीवाल्या मुलींसाठी सुप्त बद्धकोणासन सगळ्यात जास्त आवडतं. पाठीखाली लांब लोड, डोक्याखाली उशी, तळवे जुळलेले, गुडघ्यांखाली दोन्हीकडे घड्या किंवा विटा, म्हणजे मांड्या लोंबकळत नाहीत. पुण्याच्या अय्यंगार परंपरेत हे असं साधनं घेऊन, शरीराला टेका देऊन आसन करायची जी रीत आहे, ती बायकांवर उपकार आहे. या आसनात पोट वर येतं, मोकळं, कोणी ते आत घ्यायला सांगत नाही. पहिल्यांदा फार उघडं पडल्यासारखं वाटतं. अंगावर पांघरूण घे, लाज वाटत असेल तर. पाच मिनिटांपासून सुरू कर. श्वास पोटात किती खोल जातो तेवढंच बघ.

कपालभातीचं जे वेड आहे, पोट उतरतं म्हणून दोनशे-तीनशे स्ट्रोक, त्यात मला फार अर्थ दिसत नाही. पाळी चालू असताना तर नकोच, आणि तुझी चाळीस-चाळीस दिवसांनी येणारी पाळी जड असते असं तूच लिहिलंयस. त्या दिवसांत भ्रामरी (भुंग्यासारखा गुणगुणत सोडलेला श्वास), योगनिद्रा (पडल्या पडल्या अंग सैल सोडणं), आणि जमेल तेवढं चालणं. बास.

वजनाबद्दल मी टाळाटाळ करतेय असं वाटू नये म्हणून सरळ सांगते. वजन थोडं उतरलं, पाच टक्के जरी, तरी पाळीला आणि साखरेला फायदा होतो, हे खरं आहे. पण हळू आसनांच्या एका तासात जेवढी ऊर्जा जाते ती रमतगमत चालण्याइतकीच असते. त्याच्याकडून दहा किलोची अपेक्षा ठेवायची आणि नाही उतरले की मुलीला ‘मन लावत नाहीस’ म्हणायचं, हा अन्याय आहे. त्याच २०२३ च्या तत्त्वांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा त्याच्या निम्मा जोराचा, आणि शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगितलाय. आणि कुठलाही एक प्रकार दुसऱ्याहून सरस ठरलेला नाही असंही. म्हणजे तुला चालायला आवडत असेल तर चाल, पोहायला आवडत असेल तर पोह. ताकदीसाठी जिमची गरज नाही: वीरभद्रासनात (एक पाय पुढे, गुडघा वाकवून) थांब, उत्कटासनात (खुर्चीत बसल्यासारखं) थांब, हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन खुर्चीवरून दहादा उठबस कर. ताकद वाढल्याची एक गंमत असते, ती काट्याआधी कळते. सिलिंडर सरकवताना कळते.

डॉक्टर सोडू नकोस. हे मी प्रत्येकीला सांगते, कारण ‘योग चालू केला, गोळ्या बंद केल्या’ हे वाक्य मी फार ऐकलंय. पाळी ९० दिवसांवर गेली तर वाट बघत बसायचं नाही. आत गर्भाशयाचं अस्तर साचत राहतं आणि ते पुढे त्रासाचं होऊ शकतं. साखर बघताना नुसती उपाशीपोटीची बघून थांबू नकोस, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी बघतात ती तपासणी विचार. उपाशीपोटीची बरी येऊनही ही बिघडलेली सापडते. आणि काही महिन्यांतच केस झपाट्यानं वाढले, आवाज घोगरा झाला, तर ते नेहमीच्या पीसीओएसचं लक्षण नाही, त्याच आठवड्यात दाखव.

मनाचंही तसंच. पीसीओएस असलेल्या बायकांत उदासी आणि चिंता जास्त आढळते, म्हणून सगळ्यांचीच त्यासाठी विचारपूस करावी असं आता डॉक्टरांना सांगितलं जातं. आपल्याकडे क्वचितच कोणी विचारतं. तू किळस हा शब्द वापरलास. ती फक्त वर्गापुरती असेल तर वर्ग बदलून भागेल. पण आंघोळीच्या वेळी दिवा बंद करावासा वाटत असेल, रात्री उठून गुपचूप खाणं आणि दुसऱ्या दिवशी उपास असं चक्र चालू असेल, जगण्यातच रस वाटत नसेल, तर ते प्राणायामावर टाकू नकोस. समुपदेशकाकडे जा. सरकारची टेलि-मानस म्हणून फुकट हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं. मी स्वतः तीन मुलींना माझ्यासमोर फोन लावायला लावलाय.

एक प्रयोग मात्र करून बघ, बारा आठवडे. काटा आईकडे दे आणि लपवायला सांग. छोटी वही घे. पाळीची तारीख लिही, कारण ती डॉक्टरला लागेल. त्यापुढे रोज एक ओळ, आज शरीरानं काय केलं याची. कसं दिसलं याची नाही. ‘जिना एका दमात चढले.’ ‘झोप साडेसहा तास.’ ‘डाव्या कमरेत ताण, उजव्या नाही.’ सुरुवातीला काही सुचणार नाही, पानभर ‘काही नाही’ असंच येईल. येऊ दे. माझ्याकडच्या एका मुलीच्या वहीत अठरा दिवस ‘काही नाही’ आहे आणि एकोणिसाव्या दिवशी ‘भूक लागली, खरी’. तिला वयाच्या चोविसाव्या वर्षी खरी भूक आणि घाबरून खाणं यातला फरक पहिल्यांदा कळला होता.

वर्ग बदलायचा की नाही, ते तू ठरव. सर वाईट असतील असं नाही, त्यांनाही असंच शिकवलं गेलं असेल, मलाही शिकवलं होतं. एकदा बोलून बघ. सोमवारी जाशील तेव्हा चटई मागच्या रांगेत टाक, आरसा तिरपा पडेल अशी. उन्हाला मात्र घाबरू नकोस. टी-शर्ट आत खोच. काट्यावर उभं राहायला सांगितलं तर ‘सर, मी आजपासून वजन करणार नाही’ एवढंच म्हण. कारण विचारलं तरी सांगायची गरज नाही. आणि शवासनात ते हात पोटावर ठेवायला सांगतात ना, तुला अजून तिथे हात ठेववत नसेल, तर खाली जमिनीवर ठेव.